पाटीवर ४०, पण कागदावर किती? रस्त्यांच्या वेगमर्यादेची उघडी नोंदवही सिरोंचासारख्या तालुक्याला का हवी

सिरोंचा : आलापल्लीहून सिरोंचाकडे निघालेली गाडी रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा, बामणी अशी गावे मागे टाकत येते. जंगल, वळण, नाल्यावरचा पूल, मग गाव, पुन्हा जंगल. कुठे वेगाची पाटी दिसते, कुठे नुसता खांब उभा असतो, कुठे पाटी वेलींत झाकलेली असते. या रस्त्यावर गाडीचा वेग किती असावा, असे दहा चालकांना विचारले तर दहा उत्तरे मिळतील. कोणी ४० म्हणेल, कोणी ६०, कोणी ८०. एखादा सरळ सांगेल, "रस्ता जसा, तसा वेग."

रस्ता पाहून वेग धरावा, हे खरेच. पण कायद्याला आकडा लागतो. हा आकडा कोणी ठरवला, कोणत्या आदेशाने, कुठल्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत आणि कोणत्या गाडीसाठी, ही माहिती सामान्य माणसाला एका ठिकाणी पाहायला मिळायला हवी. अशा माहितीच्या उघड्या सरकारी वहीला वेगमर्यादेची नोंदवही म्हणता येईल. काही देशांनी ती कायद्यानेच सुरू केली आहे. आपल्याकडे तिची गरज का आहे, ती कशी असावी आणि ती येईपर्यंत गावाला काय करता येईल, ते समजून घेऊ.

वेगमर्यादा ठरते कशी?

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ११२ वेगमर्यादेबद्दल आहे. ते दोन पायऱ्यांत चालते.

पहिली पायरी दिल्लीची. कोणत्या प्रकारच्या वाहनाने जास्तीत जास्त किती वेगाने जायचे, ही वरची हद्द केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवते.

दुसरी पायरी राज्याची. लोकांची सुरक्षितता, सोय किंवा एखाद्या रस्त्याची वा पुलाची स्थिती पाहून राज्य सरकार, किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी, त्या हद्दीच्या आत आणखी कमी मर्यादा लावू शकतो. मर्यादा सगळीकडे लावता येते, एखाद्या भागापुरती लावता येते किंवा एकाच रस्त्यापुरतीही लावता येते.

नेमकी गोम इथे आहे. ही मर्यादा लावायची तर कायदा दोन गोष्टी सांगतो. एक, राजपत्रात अधिसूचना. दुसरी, कलम ११६ प्रमाणे योग्य ठिकाणी पाट्या. म्हणजे नुसता कागद निघाला आणि पाटी लागली नाही, तर काम अर्धे. नुसती पाटी ठोकली आणि मागे कागद नाही, तरी काम अर्धेच. मर्यादा एक महिन्यापेक्षा जास्त राहणार नसेल, तेवढ्यापुरती अधिसूचनेची सूट आहे.

पाटी डोळ्यांना दिसते, कागद दिसत नाही. पाटी रस्त्यावर असते, कागद फाईलमध्ये असतो. या दोघांची गाठ घालून देणारी जागा म्हणजे नोंदवही.

देशाचे वरचे आकडे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ६ एप्रिल २०१८ रोजी अधिसूचना काढून कमाल वेगाचे आकडे बदलले. प्रवेश नियंत्रित द्रुतगती मार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, हे आकडे वर्तमानपत्रांत गाजले. सिरोंचाच्या कामाचा रकाना मात्र शेवटचा, "इतर रस्ते" नावाचा. त्यात चालकाशिवाय आठ जणांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ७०, बस आणि मोठ्या प्रवासी गाडीला ६०, मालवाहू गाडीला ६०, दुचाकीला ६० आणि तीनचाकीला ५० असे आकडे आहेत. नगर हद्दीतल्या रस्त्यांसाठीही हेच आकडे दिले आहेत.

पुढे २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ही अधिसूचना रद्द ठरवली. अगदी वरच्या आकड्यासाठीसुद्धा किती कागद पाहावे लागतात, त्याचा हा नमुना. मुंबई-नागपूरच्या वकिलाला जे शोधायला अर्धा दिवस लागतो, ते अंकिसा किंवा आसरअल्लीच्या पिकअप चालकाने कुठे शोधायचे?

हे आकडे कमाल हद्दीचे आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवे. ७० ची हद्द आहे म्हणून शाळेसमोरून ७० ने जायचे, असा त्याचा अर्थ होत नाही. गाव, शाळा, अरुंद पूल, बाजाराची जागा इथे कमी आकडा लागायला हवा. तो लावण्याचे काम दुसऱ्या पायरीवर, म्हणजे राज्य आणि जिल्हा पातळीवर होते.

हायवा, टिप्परला वेगळा नियम

गडचिरोली जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत अवजड वाहने वाढली. सुरजागडचे लोहखनिज, नदीतली रेती, पुलांमुळे खुली झालेली तेलंगणा आणि छत्तीसगडची वाहतूक, या सगळ्यांचा भार त्याच दोन पदरी रस्त्यांवर आला. या वाहनांबाबत एक नियम फार कमी लोकांना ठाऊक आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११८ प्रमाणे बहुतेक व्यावसायिक वाहनांना वेग रोखणारे यंत्र, म्हणजे स्पीड गव्हर्नर बसवावे लागते. साधारणपणे त्याची मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. पण डंपर, टँकर, शाळेची बस आणि धोकादायक माल नेणारी गाडी यांच्यासाठी ती ६० आहे. रस्ता कितीही गुळगुळीत असो, डंपरचा काटा ६० च्या पुढे जाताच कामा नये, अशी ही तजवीज. दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस वाहने या नियमातून वगळलेली आहेत.

कागद कुठे कुठे विखुरले आहेत?

सिरोंचा तालुक्यातले रस्ते एका मालकाचे नाहीत. साकोलीहून वडसा, आरमोरी, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली असा येणारा राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी आहे. निजामाबाद, मंचेरियल, चेन्नूरकडून प्राणहिता ओलांडून येणारा आणि पुढे अंकिसा, आसरअल्ली, पातागुडमवरून इंद्रावतीपलीकडे भोपालपटनम, जगदलपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६३ आहे. त्यानंतर राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, काही ग्रामसडक योजनांतले. शहरातले रस्ते नगर पंचायतीकडे. जंगलातल्या काही वाटा वन विभागाच्या.

रस्ता एकाचा, मर्यादेचा आदेश दुसऱ्याचा, पाटी लावणारा ठेकेदार तिसरा, दंड करणारे पोलीस चौथे आणि अपघातानंतर कागद मागणारे न्यायालय पाचवे. प्रत्येकाकडे थोडा थोडा कागद असतो. सगळा कागद एका जागी कोणाकडेच नसेल, तर नुकसान रस्त्यावरच्या माणसाचे होते.

त्यात सीमेचा प्रश्न. सिरोंचा तीन राज्यांच्या तिठ्यावर बसलेले गाव. गोदावरीच्या पुलापलीकडे कालेश्वरम, तेलंगणा. प्राणहितेच्या पुलापलीकडेही तेलंगणाच. पातागुडमच्या पुलापलीकडे छत्तीसगड. पूल ओलांडला की राज्य बदलते आणि मर्यादा लावणारे सरकारही बदलते. चालकाला मात्र पुलाच्या या टोकाला आणि त्या टोकाला तोच डांबरी रस्ता दिसतो.

गाडीची नोंद आहे, परवान्याची आहे, मर्यादेची नाही

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दोन राष्ट्रीय नोंदवह्या आल्या. कलम २५-अ खाली वाहन चालवण्याच्या परवान्यांची आणि कलम ६२-ब खाली मोटार वाहनांची. लोकांना त्या "सारथी" आणि "वाहन" या नावांनी माहीत आहेत. एमएच-३३ ची गाडी देशात कुठेही अडवली तरी तिचा मालक, विमा, फिटनेस मोबाईलवर दिसतो.

अपघातांचीही नोंद होते. केंद्राच्या रस्ते अपघात माहिती प्रणालीची सुरुवात ज्या सहा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र होता. पोलीस अपघाताच्या जागेवर जाऊन मोबाईलमधून ठिकाणासह माहिती भरतात.

म्हणजे गाडीची वही आहे, चालकाची आहे, अपघाताचीही आहे. पण ज्या आकड्याच्या उल्लंघनाबद्दल दंड होतो, त्या वेगमर्यादेची अशी वही ठेवण्याची तरतूद कायद्यात नाही. मोबाईलच्या नकाशावर कधी कधी वेगाचा आकडा दिसतो, पण तो खासगी कंपनीने गोळा केलेला. त्याला सरकारी कागदाची किंमत नाही.

नोंदवहीत काय असावे?

ही वही म्हणजे फार मोठे सॉफ्टवेअर नव्हे. तलाठ्याचा सातबारा जमिनीचे जे काम करतो, तेच काम हिने रस्त्याच्या तुकड्याचे करायचे. सातबारा पाहिला की जमीन कोणाची, किती, कोणत्या फेरफाराने आली, ते कळते. इथेही तसेच. एका नोंदीत एवढ्या गोष्टी हव्यात :

१) रस्त्याचे नाव, क्रमांक आणि तो कोणत्या विभागाकडे आहे.
२) मर्यादा कुठून कुठपर्यंत. किलोमीटर दगड, ओळखीची खूण आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश.
३) कोणत्या वाहनाला किती वेग. मोटार, बस, ट्रक, दुचाकी वेगवेगळे.
४) दिवसा-रात्री किंवा शाळेच्या वेळेत वेगळी मर्यादा असल्यास ती.
५) आदेश कोणी काढला, क्रमांक, तारीख आणि राजपत्राची तारीख. आदेशाची प्रत सोबत जोडलेली.
६) मर्यादा का लावली. शाळा, वळण, पूल, वन्यप्राणी, अपघातांची जागा.
७) पाटी कधी लागली, दोन्ही बाजूंनी लागली का, तिचा फोटो आणि शेवटची तपासणी.
८) मर्यादा कायमची की तात्पुरती. तात्पुरती असल्यास संपण्याची तारीख.
९) जुनी नोंद. मर्यादा बदलली तरी आधीचा आकडा खोडायचा नाही, कोणत्या तारखेपर्यंत तो लागू होता ते दिसले पाहिजे.

नववा मुद्दा साधा वाटतो, पण न्यायालयात तोच कामी येतो. अपघाताचा खटला दोन-चार वर्षांनी उभा राहतो. तोवर पाटी बदललेली असते, रस्ता रुंद झालेला असतो. अपघाताच्या त्या दिवशी तिथे मर्यादा किती होती, याचे उत्तर जुन्या नोंदीतूनच मिळते.

न्यूझीलंडने काय केले?

न्यूझीलंडमध्येही पूर्वी आपल्यासारखीच गत होती. प्रत्येक स्थानिक संस्था आपापल्या उपविधींनी मर्यादा लावायची आणि कागद त्या त्या कार्यालयात पडून राहायचे. २०२२ मध्ये तिथे वेगमर्यादा ठरवण्याचा नवा नियम आला आणि राष्ट्रीय वेगमर्यादा नोंदवही कायदेशीर आधार बनली. स्थानिक संस्थेने मर्यादा ठरवायची आणि वहीत चढवायची. वहीत चढली की ती लागू. नकाशाच्या रूपात ही वही कोणालाही पाहता येते. गावकरी, पोलीस, वकील आणि गाडीतले नकाशे बनवणाऱ्या कंपन्या, सगळे एकाच जागी पाहतात.

ब्रिटननेही २०२४ च्या स्वयंचलित वाहन कायद्यात वाहतूक आदेशांची माहिती एका मध्यवर्ती डिजिटल सेवेला देण्याची तरतूद केली. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओलांडताच चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती यंत्रणा कॅमेऱ्याने पाटी वाचते किंवा नकाशातला आकडा घेते. पाटी झाकलेली आणि नकाशातला आकडा चुकीचा असेल, तर महागडी गाडीसुद्धा आंधळीच.

सिरोंचाला असल्या गाड्यांची घाई नाही. पण पाटी आणि कागद जुळले पाहिजेत, ही गरज तिथली आणि इथली एकच आहे.

२० किलोमीटरचा फरक किती?

"४० काय नि ६० काय, तेवढ्याने काय होते?" असे सहज म्हटले जाते. हिशोब करून पाहू.

ताशी ६० वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर मूल किंवा गाय आलेली दिसली, तरी मेंदूने ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरावा. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी २० मीटरच्या आसपास. एकूण ४५ मीटर.

ताशी ४० वेगाने तोच दीड सेकंद १७ मीटरचा होतो आणि ब्रेक लागल्यावर ९ मीटर पुरतात. एकूण २६ मीटर.

आता दोन्ही गाड्या सोबत चालल्या आहेत, असे समजा. समोर २६ मीटरवर मूल रस्त्यात आले. ४० ची गाडी मुलाच्या पुढ्यात येऊन थांबते. ६० ची गाडी त्याच जागी पोचते, तेव्हा तिचा ब्रेक नुकताच लागू लागलेला असतो. म्हणजे धडक जवळपास पूर्ण वेगाने. हा ढोबळ हिशोब मोटारीचा आणि कोरड्या रस्त्याचा. पावसात, गिट्टीवर आणि भरलेल्या ट्रकला अंतर याहून जास्त लागते.

वाचणारा वेळ किती? एक किलोमीटर लांबीचे गाव ६० ने एका मिनिटात पार होते, ४० ने दीड मिनिटात. फरक तीस सेकंदांचा. वाटेत अशी दहा गावे लागली तरी सगळे मिळून पाच मिनिटे. चहाच्या टपरीवर यापेक्षा जास्त वेळ जातो.

देशपातळीवरही चित्र हेच सांगते. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. केंद्रीय मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात यातल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची जोखीम चार टक्के वाढते.

या भागातला रस्ता फक्त गाड्यांचा नाही

शहरातल्या माणसाला रस्ता म्हणजे गाड्यांची जागा वाटते. इथे रस्त्यावरून बैलबंडी जाते, गुरे परततात, मोहफुलाच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून माणसे कडेने चालतात. धान आणि मिरची वाळत पडते. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या मजुरांनी भरलेल्या गाड्या रात्रीच निघतात. शाळेची आणि आश्रमशाळेची पोरे रस्त्यानेच चालतात. जंगलाच्या पट्ट्यात रात्री चितळ, सांबर, अस्वल आडवे येते.

कलम ११२ मध्ये "रस्त्याचे स्वरूप" असे शब्द आहेत ते याचसाठी. कोणत्या तुकड्यात कोणत्या महिन्यात काय घडते, हे गडचिरोलीतल्या कार्यालयापेक्षा त्या गावाला जास्त ठाऊक असते. नोंदवही उघडी असेल तर गावाला बोट ठेवून सांगता येते, "अमुक दगडापासून तमुक दगडापर्यंत मर्यादाच नाही, आणि तिथेच आमची शाळा आहे."

भाषेचाही मुद्दा आहे. या पट्ट्यात मराठीसोबत तेलुगू, माडिया-गोंडी चालते आणि ट्रकचालक कुठलाही असतो. वेगमर्यादेच्या पाटीला मात्र भाषा लागत नाही. पांढरी गोल तबकडी, लाल कडा, काळा आकडा. म्हणूनच तो आकडा बरोबर असणे जास्त महत्त्वाचे. "वाहने सावकाश चालवा" असा नुसता बोर्ड म्हणजे विनंती, तो मर्यादेचा आकडा ठरत नाही.

दंड, चालान आणि पुरावा

कलम १८३ प्रमाणे अतिवेगाला हलक्या वाहनासाठी १ हजार ते २ हजार रुपये आणि मध्यम व अवजड वाहनासाठी २ हजार ते ४ हजार रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा सापडल्यास परवाना जप्त होऊ शकतो.

याच कलमात चालकाच्या बाजूचीही एक तरतूद आहे. एकट्या साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर कोणाला अतिवेगाबद्दल दोषी धरता येत नाही, तो अंदाज यंत्राच्या मोजणीवर आधारलेला हवा. कॅमेऱ्याने होणाऱ्या चालानासाठी २०२१ मध्ये नियम १६७-अ आला. त्यात यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र, आधी सूचना देणाऱ्या पाट्या आणि घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस, अशा अटी घातल्या.

यंत्र वेग मोजते, पण तो कोणत्या आकड्याशी ताडायचा? तिथे नोंदवही लागते. चालानावर वहीतल्या नोंदीचा क्रमांक आला, तर चालकाला घरबसल्या पडताळता येईल. आदेश खरा असेल तर वाद तिथेच मिटेल, चुकीचा असेल तर तक्रारीला आधार मिळेल. प्रामाणिक पोलिसाचाही यात फायदाच. "साहेब, इथे बोर्ड कुठे आहे?" या रोजच्या प्रश्नाला त्याच्या हातात उत्तर असेल.

अपघातात घरचा कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबासाठी तर हे आणखी मोलाचे. भरपाईच्या दाव्यात समोरच्याची गाडी मर्यादेबाहेर होती हे दाखवायचे, तर आधी मर्यादा दाखवावी लागते.

पाटी नाही म्हणजे मोकळे रान नाही

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाटी नसेल किंवा अधिसूचना सापडत नसेल, म्हणून कसेही दामटायला परवानगी मिळत नाही. वाहनाच्या प्रकाराची देशव्यापी हद्द असतेच. शिवाय धोकादायक पद्धतीने चालवणे हा कलम १८४ चा वेगळा गुन्हा आहे. बेदरकारपणे वाहन चालवल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागते आणि निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाजाराच्या दिवशी गर्दीतून ५० ने गाडी काढणारा "मर्यादा ६० ची आहे" म्हणून सुटत नाही.

रस्ता सांभाळणाऱ्यांवरही जबाबदारी आहे. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर कलम १९८-अ खाली संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

पुष्करासारख्या गर्दीसाठी तात्पुरती मर्यादा

एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता पुष्कर झाला, तेव्हा बारा दिवस सिरोंचाच्या घाटांवर भाविकांची रीघ लागली होती. २०२७ मध्ये गोदावरी पुष्कर येतो आहे. दर दोन वर्षांनी तेलंगणातल्या मेडारमच्या जत्रेसाठीही याच वाटांवर वाहने वाढतात.

अशा वेळी एक महिन्याच्या आतली मर्यादा अधिसूचनेशिवाय लावता येते. सोय चांगली, पण तात्पुरती पाटी जत्रा संपल्यावर तशीच राहिली तर गोंधळ होतो. चार महिन्यांनी कोणी तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? नोंदवहीत सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असेल, तर पाटी काढायची कोणाला आठवणही राहील. रस्त्याचे आणि पुलाचे काम सुरू असतानाही हाच नियम उपयोगाचा.

गावाने आज काय करावे?

राज्याची नोंदवही होईल तेव्हा होईल. जिल्हा स्वतःची वही आजच्या कायद्यातही ठेवू शकतो. आदेश सरकारी, पाटी सरकारी, ते एका तक्त्यात मांडून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकायला वेगळा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तर कार्यालयांनी आपणहून माहिती उघड करावी, असेच सांगते. गावाच्या हातात असलेल्या गोष्टी अशा :

पाट्यांची मोजदाद. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने गावाच्या दोन्ही टोकांच्या पाट्यांचे फोटो काढावेत. किलोमीटर दगड, तारीख आणि पाटीवरचा आकडा वहीत लिहावा. एका दुपारचे काम आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, असा नियम आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावावे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. मजकूर थोडक्यात असा चालेल : "राष्ट्रीय महामार्ग क्रमांक अमुकच्या अमुक ते अमुक किलोमीटर भागात सध्या लागू असलेली वेगमर्यादा, ती लावणारा आदेश व राजपत्र अधिसूचनेची प्रत, आणि तेथे लावलेल्या वेगमर्यादा फलकांची यादी द्यावी." उत्तर तीस दिवसांत यायला हवे. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे त्या कार्यालयाचे काम. उत्तर न आल्यास किंवा पटले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील.

ग्रामसभेचा ठराव. सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. ठरावात "वेग कमी करावा" एवढे मोघम लिहू नये. कुठून कुठपर्यंत, किती मर्यादा, कशासाठी, हे लिहावे आणि फोटो जोडावेत.

जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. कलम २१५ मध्ये अशा समितीची तरतूद असून जिल्ह्यात ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. पोलीस, परिवहन कार्यालय, बांधकाम विभाग तिथे एकत्र असतात. ठरावाची प्रत या समितीकडे पाठवली, तर विभागांच्या टोलवाटोलवीत कागद फिरत राहत नाही.

अपघातांची जागा दाखवणे. पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा मृत्यू झाले, तर राष्ट्रीय महामार्गावर ती जागा अपघातप्रवण ठरते. पण गावाने तेवढे मृत्यू मोजत बसायची गरज नाही. धोका दिसतो तिथे आधीच मर्यादा मागता येते.

आधी एक रस्ता

सगळा जिल्हा एका दिवसात होणार नाही. सुरुवात एका रस्त्यापासून करता येईल. आलापल्ली ते सिरोंचा हा तुकडा घ्यावा. संबंधित विभागांनी मिळून एक गाडी काढावी, प्रत्येक पाटीपाशी थांबून फोटो घ्यावा, मागचा आदेश शोधावा. पाटी आहे पण आदेश नाही, तिथे आदेश काढावा. आदेश आहे पण पाटी नाही, तिथे पाटी लावावी. दोन्ही नाही आणि शाळा आहे, तिथे आधी दोन्ही करावे. जे जुळले ते तक्त्यात लिहून सगळ्यांना दिसेल असे ठेवावे. दर वर्षी पावसाळा संपला की पुन्हा एक फेरी मारावी, कारण पाट्या पुरात वाहतात, वेलींत झाकतात, ट्रकच्या धक्क्याने वाकतात.

वही झाली म्हणून सगळे चालक लगेच सावकाश जाणार नाहीत. त्यासाठी तपासणी लागेल, गतिरोधक लागतील, रस्ताही नीट लागेल. पण मर्यादा काय आहे हेच जिथे कोणाला ठाम सांगता येत नाही, तिथे ती पाळा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणाऱ्या पोरीसाठी पाटीवरचा ४० हा आकडा खरा असला पाहिजे, आणि त्याच्यामागचा कागद कोणालाही दोन मिनिटांत सापडला पाहिजे.